हबची पारख

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून या टेबलावर तीन लोखंडी वस्तू ठेवल्या आहेत. चहाच्या वेळी दोघी-तिघींनी त्या उचलून पाहिल्या. एकीनं विचारलं, मिक्सरचा भाग आहे का? मिक्सरचा नाही, हा सायकलच्या चाकाचा हब. चाकाच्या मधोमध असतो, सगळे स्पोक याच्यातून निघतात, आणि आपलं सगळं वजन शेवटी याच्या पोटातल्या छर्ऱ्यांवर येतं. आज मला फक्त याच्याबद्दल बोलायचं आहे. जुनी सायकल घेताना किंवा विकताना हब कसा पारखायचा, एवढंच.

काल रात्री एक जुनी कार्यकर्ती मैत्रीण मला म्हणाली, "अगं, पोटगीचे अर्ज पडलेत, दारूचा प्रश्न आहे, आणि तू छर्रे कसले घेऊन बसलीस?" तिचा प्रश्न चुकीचा नाही. घडलं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्यांच्या मागण्यांवर मला इथे बोलायचं नाही, त्यांच्या घरच्या बायकांनीही त्या सहा महिन्यांत पुष्कळ सोसलं. पण करोनात दीड वर्ष बंद असलेल्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, आणि पूर्णाकाठच्या गावांतल्या मुलींची गाडीच बंद झाली. मुलगे कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून गेले. मुली घरी राहिल्या. मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार झालं. पण ते शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या मुलींना. त्यापलीकडच्या मुलींनी बसनं जावं असा हिशेब. आमचं गाव सहा किलोमीटरवर. म्हणजे सायकल नाही, आणि बस तर बंदच.

मग गटानं वर्गणी काढली आणि डिसेंबरात अकरा जुन्या सायकली घेतल्या. अकोल्याला खरेदीला मी स्वतः गेले. एम. एस. डब्ल्यू. झालेली बाई, तीन कोटेशनं घेणारी, प्रकल्पाचे अहवाल लिहिणारी! दुकानदारानं सायकली ओळीनं उभ्या केल्या होत्या. रंग ताजा, रिम आणि हब चकचकीत. मी घंटी वाजवली, ब्रेक दाबले, टायर बोटानं दाबून पाहिले आणि पावती घेतली.

फेब्रुवारीपर्यंत अकरातल्या चार बसल्या. चौथीचं ऐका. नववीतली मुलगी शाळेतून परत येत होती, पुलाच्या उतारावर पुढचं चाक एकाएकी जाम झालं आणि ती हँडलवरून समोर फेकली गेली. मनगट मोडलं, पुढचे दोन दात गेले. बाप म्हणाला, "मी तं आधीच म्हनत होतो. पोरीच्या जातीले सायकल कायले पाह्यजे?" हात दोन महिन्यांत बरा झाला, पण शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे दोन हंगाम ती आईबरोबर कापूस वेचायला गेली. गटातल्या बायकांनी पिच्छा पुरवला म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरून मार्च २०२४ मध्ये ती दहावीला बसली आणि पास झाली. पण ती दोन वर्षं मी माझ्याच खात्यावर मांडते. कारण त्या चाकात काय चुकलं होतं ते बाहेरून दिसत होतं. मला पाहता येत नव्हतं.

ते मला दाखवलं अमरावतीच्या एका मावशींनी. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे पाटी नवऱ्याच्या नावाची आहे. वीसेक वर्षं स्पोक भरायचं आणि चाक सरळ करायचं काम मावशी मागच्या खोलीत करतात. पुढे बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक मिस्त्री म्हणतं, मावशींना कुणी म्हणत नाही. त्यांना विचारलं तर त्याही सांगतात, "मी काई नाही करत बाई, मी तं घरीच असतो." हातात मात्र पाना. त्यांनी आमचं ते चाक उचललं, धुरा दोन बोटांत धरून एकदाच फिरवला आणि म्हणाल्या, "म्याडम, तुमाले चमक दिसली. चाक हातात घेऊन नाही पाह्यलं तुमी."

सायकल हा विषय आपल्या चळवळीत नवा नाही. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत हजारोंच्या संख्येनं बायका सायकल शिकल्या. तिथे लेडीज सायकली पुरल्या नाहीत तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काही जणींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली मिळू लागल्या, आणि कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अभ्यासकांना माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे एकतृतीयांशानं वाढलेली आढळली. आपणही शिबिरांतून बसायला शिकवलं, पडलं तर उठायला शिकवलं. चाकाच्या आत पाहायला शिकवलं नाही. ते काम आपण दुकानातल्या माणसावर सोडलं, जसं आपल्या आयांनी बँकेचं पासबुक घरातल्या माणसावर सोडलं होतं.

तर आता हा पहिला हब. हातात घ्या, पुढे द्या. जड आहे ना? अंगावर तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चिन्ह आहे. ही बी. एस. ए., म्हणजे बर्मिंगहॅमची मुळात बंदुका बनवणारी कंपनी. मधल्या नळीवर बारीक भोक आहे आणि त्यावर पत्र्याची सरकती पट्टी. हे तेल घालायचं भोक. पट्टी हरवलेली असेल तर त्या भोकातून वर्षानुवर्षं धूळ आत गेली आहे असं समजा. दुसरा हब आपल्या देशातला. स्वातंत्र्याच्या आसपास आणि नंतर मुंबईत हिंद, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय., सोनीपतला अ‍ॅटलस, लुधियानाला हीरो असे कारखाने निघाले. आपल्या आजोबांच्या, दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या सायकली त्यांच्याच. तिसरा अलीकडचा, पातळ पत्रा दाबून केलेला, नाव नसलेला. आमच्या चार बसलेल्या सायकलींपैकी दोनींत हा होता, वरून चमक मारलेला.

जुनं ते सोनं असं मात्र मी म्हणणार नाही. झिजलेल्या बी. एस. ए.पेक्षा धड असलेला साधा हब केव्हाही चांगला. जुन्यातले जे आज आपल्यापर्यंत पोचले ते टिकले म्हणून पोचले, न टिकलेले कधीच भंगारात गेले.

पाहायचं कसं? सायकल उलटी करा, सीट आणि हँडल जमिनीवर. पुढचं चाक हलकेच फिरवा आणि दुसरा हात चिमट्यावर ठेवा. आत खडे असतील तर कानाच्या आधी हाताला कळतं, जात्यात खडा आला की खुंट्याला कळतं तसं. मग चाक आपोआप थांबू द्या. ट्यूबच्या व्हॉल्व्हची बाजू जराशी जड असते. हब मोकळा असेल तर ती बाजू खाली येते, थोडी पुढे जाते, मागे येते, झुलते आणि तळाला थांबते. चाक कुठेही मध्येच गपकन थांबलं तर आत आवळलेलं आहे किंवा घाण आहे. या परीक्षेला एक पैसा लागत नाही, आणि दुकानदाराला नाही म्हणता येत नाही.

मग रिम वरून धरून डावी-उजवीकडे ढकला. खडखड हलली तर कोन सैल आहे. नुसता सैल असेल तर पान्यानं बसतो, घाबरू नका. पण चाक थोडं फिरवून पुन्हा ढकला, असं चार-पाच ठिकाणी. एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी घट्ट लागलं तर धुरा वाकलाय किंवा आतली वाट झिजली आहे. ते पान्यानं सुधारत नाही. तिथे भाव पाडा नाहीतर उठा.

पुढच्या चाकाची एक गोष्ट नीट ऐका, कारण ती मुलगी याच गोष्टीनं पडली. धुऱ्यावर दोन्ही बाजूंना कोन असतो, त्याच्यावरून छर्रे फिरतात. जुन्या हबांत पुष्कळदा एक कोन पक्का असतो आणि दुसरा फिरवून कमी-जास्त करायचा. या दुसऱ्याला पाना धरायला चपट्या कडा असतात. हा फिरता कोन सायकलवर बसणारीच्या डाव्या हाताला हवा. चाक पुढे चालताना छर्रे कोनाला आपल्याबरोबर ओढतात. डावीकडे ही ओढ कोन सैल करणारी असते, उजवीकडे आवळणारी. चाक उलटं बसवलं आणि बाहेरचा नटही सैल राहिला, की उजवीकडचा कोन आवळत आवळत जातो आणि एक दिवस चाक जागच्या जागी धरतो. डावीकडे तीच चूक झाली तर चाक खडखडू लागतं, म्हणजे निदान सांगून तरी जातं. आमच्या सायकलीला रंग देताना चाकं काढली होती आणि पुढचं उलटं बसवलं होतं. चपट्या कडा उजवीकडे. पाहायला किती वेळ लागतो? तुम्ही आता घड्याळ लावून पाहा.

विकत घ्यायच्या आधी निदान एक बाजू खोलून दाखवा म्हणायचं. लाजायचं नाही, भाजीवाल्याकडे आपण वांगं दाबून पाहतोच ना! खोलायला तयार नसेल तर तेच उत्तर समजायचं. जाड ग्रीस ठासून भरलेलं असेल तर जास्त संशय घ्या, कारण ग्रीसनं करकर लपते. डिझेलमध्ये बुडवून, फडक्यानं पुसून, उजेडात धरा. कोनावर छर्ऱ्यांची वाट दिसते. ती एकसारखी चकचकीत रेघ असेल तर उत्तम. देवीच्या वणांसारखे खड्डे असतील तर कोन गेला. डोळ्यांना दिसत नसेल तर बॉलपेनचं टोक त्या वाटेवरून फिरवा, खड्डा असेल तिथे ते अडतं. हे मला चष्मा लागलेल्या मावशींनीच शिकवलं. कोन बदलायला फार पैसे लागत नाहीत. पण त्याच्यासमोरची कटोरी, जी हबच्या पोटात ठोकून बसवलेली असते, तिला खड्डे पडले असतील तर विचार करा. काही हबांतून ती काढता येते, पण त्याच मापाची दुसरी मिळाली पाहिजे.

छर्रे मोजायचे. पुढे सहसा दीड सुताचे, एका बाजूला दहा. मागे दोन सुताचे, बाजूला नऊ. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारलोहारांच्या घरातल्या बायकांना सांगायला नको. आमच्या एका सायकलीत दहाऐवजी सात निघाले. जुन्यात चार नवे मिसळायचे नाहीत, सगळे बदलायचे. नवे केसभर मोठे असतात, मग सगळा भार त्या चारांवरच येतो. घरातल्या एकाच बाईवर येतो तसा.

स्पोकची भोकंही मोजा. जुन्या रोडस्टर सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० असत, नव्या पुष्कळ सायकलींना दोन्हीकडे ३६. नुसता हब घेतला आणि रिमला भोकं वेगळी निघाली तर पैसे पाण्यात. भोक गोल आहे की ताणून लांबट झालंय, दोन भोकांच्या मध्ये चीर आहे का, बोटाचं नख फिरवून पाहा. मागच्या हबला फ्रीव्हील जिथे बसतं तिथले आटे पाहा, ते मेले असतील तर पायडल मारताना फ्रीव्हील नुसतं सरकेल. आणि चमकेवर जाऊ नका. कोरलेली अक्षरं पुसट, कडा गोलसर झाल्या असतील तर घासून नव्यानं मुलामा दिला आहे. वरून गंजका पण अक्षरं धारदार आणि आतली वाट स्वच्छ, असा हब मी डोळे मिटून घेईन. म्हणजे डोळे उघडे ठेवून!

आपल्याकडची एक गोष्ट पुस्तकात सापडायची नाही. अकोला आणि अमरावतीचा मोठा पट्टा खारपाणाचा आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडच्या बायकांना सांगायला नको. काळी माती चिकटते म्हणून मुली सायकल रोज बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतात, नेमकं हबवर पाणी मारतात. ते पाणी धुऱ्याच्या कडेनं आत जातं आणि छर्रे गंजतात. स्वच्छतेची शिस्त लावून आम्हीच हे करवून घेतलं होतं. माती सुकू द्या, काडीनं खरवडा, ओल्या फडक्यानं पुसा, आणि पावसाळा संपला की एकदा खोलून नवं ग्रीस भरा.

आता विकण्याची गोष्ट. अमरावती जिल्ह्यातल्याच एका गावात आमच्या गटातल्या एक काकू आहेत, विधवा. घरामागे सासऱ्यांची जुनी सायकल गोठ्यात पडून होती. भंगारवाला किलोच्या भावानं मागत होता. काकू आमच्या शिबिराला येऊन गेल्या होत्या, म्हणून त्यांनी मागचा हब फडक्यानं पुसला. त्यावर स्टर्मी-आर्चर हे नाव आणि ५७ व ४ असे आकडे निघाले. इंग्लंडात नॉटिंगहॅमला होणारा हा तीन गियरचा हब, त्यावर वर्ष आणि महिना ठोकलेला असे. म्हणजे एप्रिल १९५७. गियर बदलत नव्हते. पण असे हब पुष्कळदा मोडलेले नसतात, आतलं जुनं तेल वाळून घट्ट झालेलं असतं. मावशींनी तेल सोडून दोन दिवस ठेवलं, तिन्ही गियर लागले. अशा सायकली जमवणारे हौशी लोक आहेत, पुण्यात कर्वेनगरला तर विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालयच आहे. भंगारवाल्याच्या कैकपट भाव येईल हे कळलं, आणि दुसऱ्या आठवड्यात काकूंचे दीर दारात. "बाबाची सायकल हाय, माहा हिस्सा हाय." गोठ्यात गंजत होती तोवर ती काकूंची होती. हिश्शाचा वाद अजून मिटलेला नाही, सायकल आमच्या कार्यालयात ठेवली आहे, आणि काकूंच्या घराच्या नोंदीचे कागद काढायला आम्ही त्या निमित्तानं सुरुवात केली. पोटगीच्या अर्जांचं म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी एवढंच सांगेन की हबवरून आम्ही आठ-अ च्या उताऱ्यापर्यंत पोचलो.

एक शंका मलाही आहे. घर, शेत, मुलं, गटाचा हप्ता, आणि आता हबही बाईनंच पाहायचा का? गावोगाव प्रत्येकीनं मिस्त्री व्हावं असं माझं म्हणणं नाही. गटात दोघी तयार व्हाव्यात, त्यांनी दर चाकाचे पैसे घ्यावेत, फुकट करू नये. ही अट मावशींची आहे. गेल्या वर्षीपासून त्या आमच्याकडे शिकवायला येतात तेव्हा मानधनाच्या पावतीवर स्वतःच्या नावानं सही करतात. दुकानाची पाटी अजून तीच आहे.

बरं, बोलणं पुरे. मागच्या सतरंजीवर सहा चाकं आहेत, पाने आहेत, डिझेलची वाटी आहे. दोघी-दोघींनी एक चाक घ्या. त्यातल्या एकात मावशींनी मुद्दाम खोड करून ठेवली आहे, कोणती ते मलाही सांगितलेलं नाही. कोन सोडवताना खाली ताटली धरा, छर्रे एकदा सतरंजीत गेले की सापडत नाहीत.